झिजलेलं बटण

आमची आत्या वीस वर्षं खोल समुद्रात बोट चालवते. तिच्यासाठी जुनी बोट विकत घ्यायला गेलो, तर दलाल सगळं सांगत होता माझ्या बाबांना, ज्यांना धक्क्यावरच मळमळतं. आत्याला म्हणाला, "ताई, तुम्ही स्वयंपाकाची जागा बघून घ्या." आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आत उतरली.

वर आली ती डोळे वटारूनच. "सगळ्या बोटीला रंग फासलास, मग पाणी उपसायच्या पंपाचं बटण तेवढं कशानं झिजलं? माझ्या दोन लेकी येणार या बोटीवर. मासे धरायला, दिवसभर पाणी उपसत बसायला नाही."

दलाल बाबांकडे बघू लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस?" आत्या म्हणाली. "बुडणार होतो आम्ही तिघी."