न पाहिलेले तळवे

माझ्या पत्नीच्या उजव्या पायाला आता चारच बोटे आहेत. पाचवे कसे गेले, असे विचारणाऱ्यांना आम्ही दोघेही ‘मधुमेह’ एवढेच सांगतो. ते खोटे नाही, परंतु पुरते खरेही नाही. उरलेले येथे लिहितो. आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने सत्य अर्धे सांगून थांबू नये.

तिच्या पावलांना मुंग्या येत होत्या, म्हणून मुलाने आम्हांला एका बाईंकडे नेले. बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या घरापासून त्यांचा दवाखाना ऑटोने दहा मिनिटांवर. फलकावर ‘पोडियाट्रिस्ट’ असे लिहिले होते. केवळ पायांसाठी वेगळा चिकित्सक असतो, हे मला ठाऊकच नव्हते. बाई पस्तिशीच्या, निपाणीकडच्या. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलत. पत्नीला उंच खुर्चीवर बसवून त्या स्वतः खाली बुटक्या स्टुलावर बसल्या आणि तिचे पाऊल त्यांनी सरळ आपल्या मांडीवर घेतले. पत्नी संकोचाने लाल झाली.

“अज्जी, डोळे मिटा. पायाला काय लागलं की ‘सरी’ म्हणा.” ‘सरी’ म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं, ठीक’.

त्यांच्या हातात नायलॉनचा एक बारीक तंतू होता. तळव्यावर त्यांनी तो ठिकठिकाणी टेकवला, इतका की तंतू वाकत होता. पत्नी मिटल्या डोळ्यांनी शांत बसून होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “सुरू कधी करणार?”

परीक्षा तोवर संपली होती.

पायाचे घट्टे पात्याने हळूहळू खरवडताना त्या मला म्हणाल्या, “अज्जा, पूर्वी कुरूप झालं तर न्हावी कापायचा, चप्पल चांभार शिवायचा आणि पाय सडला की सर्जन तोडायचा. मधल्या वेळेला कोणच न्हवतं. आता कुठं आम्ही आलोय, मधल्या वेळेची माणसं. परदेशात याची कॉलेजं आहेत. मी इथल्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकले.” मग हसून म्हणाल्या, “खरं शिकले ते आजोबांकडं. ते चपला शिवायचे. झिजलेली चप्पल बघून माणूस कुठल्या पायावर भार देतोय ते सांगायचे.”

माझ्या लहानपणी आमच्या घरी चपला शिवून आणणारा माणूस त्या पायरीखाली ठेवून मागे सरत असे. तो चित्रासारखा डोळ्यांपुढे उभा राहिला.

निघताना त्यांनी मलाच काम नेमून दिले. “अज्जींना वाकायला येत न्हाई. रोज सकाळी तळवे तुम्ही बघायचे. बोटांच्या मधे, टाचेला, सगळीकडं हात फिरवून. आणि अनवाणी चालायचं न्हाई. घरात पण न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर मी तिच्यासमोर पाटावर बसलो. तिने चटकन पाय साडीखाली घेतले.

“अहो, काहीतरीच! तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा? कुठे फेडू मी हे पाप?”

पूजा झाली की माझ्या पायांवर डोके ठेवण्याचा तिचा नेम पन्नास वर्षांचा. तिचे म्हणणे मला अनपेक्षित नव्हते. मी आग्रह करू शकलो असतो. नवऱ्याच्या अधिकाराने नुसते ‘दाखव’ म्हटले असते तरी तिने ऐकले असते, कारण माझा शब्द तिने कधी मोडलेला नाही. पण खरे सांगतो, तिने पाय मागे घेतले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. देवाला स्नान घालणारे हात तेथे लागू नयेत, असे मनाच्या तळाशी कोठेतरी होतेच. तिच्या संकोचाआड मी माझा अभिमान लपवला आणि पाट उचलून भिंतीला लावला.

महिन्याने बाईंनी विचारले, “रोज बघतासा न्हवं, अज्जा?”

“हो,” मी म्हणालो.

पत्नीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली.

पुढे एका शुक्रवारी मी देवापुढे नारळ वाढवला. घरातल्या मऊ चपला ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवी, आणि त्यालाही मी कधी हरकत घेतली नव्हती. चार दिवसांनी देवघराच्या फरशीवर मला ओलसर डाग दिसले. अभिषेकाचे पाणी सांडले असेल, असे समजून ते मी स्वतः पुसले. त्यानंतर दोन दिवसांनी तिला ताप भरला, पाऊल सुजून लाल झाले.

बाईंनी चिमट्याने जखमेतून काहीतरी काढले आणि पांढऱ्या कापडावर ठेवले. “हे काय, दगड?”

“करवंटीची कपची,” मी म्हणालो. माझ्याच नारळाची. सहा दिवस पत्नी त्या कपचीवर पाऊल टाकीत घरभर वावरली होती, स्वयंपाक करीत होती, मला नमस्कार करीत होती.

“इतके दिवस दिसलं न्हाई?” बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्याआधीच तापातही पत्नी म्हणाली, “ह्यांचा दोष नाही हो. मीच पाय ओढून घेत होते.”

आणि मी तिला तसे म्हणू दिले.

करंगळीशेजारचे बोट सर्जनना काढावे लागले. पाऊल वाचले. पट्टी बदलायला आम्ही पुन्हा त्या दवाखान्यात गेलो, तेव्हा तिच्या देखत मी बाईंना म्हणालो, “मी खोटे बोललो होतो. एक दिवसही पाहिले नव्हते. तिने पाय ओढून घेतले ते एकदाच. पुढे मी विचारलेच नाही.”

“अहो, कशाला आता,” पत्नी पुटपुटली.

बाईंनी पट्टी गुंडाळता गुंडाळता मान वर केली नाही. “मला तेव्हाच शंका आली होती, अज्जा. रोज बघणारा माणूस नुसतं ‘हो’ म्हणत न्हाई. काय ना काय विचारतोय. मी अजून एकदा विचारायला पायजे होतं.”

त्यांनी थोडा दोष आपल्याकडे घेऊ पाहिला. मी तो घेऊ दिला नाही, एवढेच त्या दिवशी माझ्या हातून बरे घडले.

आता पूजेआधी, स्नान झाल्यावर, मी पाटावर बसतो. ती अजून तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहते. पहिले काही दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी येई. मी एकेका बोटामधून हात फिरवतो. माझी बोटे तिला जाणवत नाहीत. झाले की मीच सांगतो, “सरी.”

गेल्या वेळी दवाखान्यात खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच मी बाईंना विचारले, “डाव्या टाचेला आतल्या बाजूने एक बारीक रेघ आहे. मंगळवारी नव्हती. ती कसली?”

बाईंनी स्टूल पुढे ओढले. “बघू,” त्या म्हणाल्या.