एनिडच्या भावाची काळ्या तारांची मोटार

...तर विल्फनं पुढच्या दिव्याची तार जोडली आणि वाजला हॉर्न! गाडीत बसलेली त्याची बायको एनिड केवढ्यानं दचकली. "अरे, दिवा लावतोयस की गल्ली उठवतोयस?"

यात विल्फचा काय दोष? गाडी बांधली एनिडच्या भावानं, रॉनीनं. सुट्या भागांचा संच आणायचा, खाली जुन्या मोटारीचा सांगाडा नि इंजिन, वर फायबरचं अंग. अशी घरच्या घरी मोटार करायचं खूळ आमच्या यॉर्कशरात तेव्हा पुष्कळांना होतं. रॉनीला काळ्या तारेचं भेंडोळं स्वस्तात मिळालं. झालं! दिवे, वायपर, हॉर्न, सगळीकडे काळीच तार. कुठली कुठं जाते ते फक्त त्याच्या डोक्यात, आणि तो ते डोकं घेऊनच वर गेला.

गाडी आली विल्फच्या गॅरेजात. विल्फ निवृत्त पोस्टमन, आमच्या टेकड्या चढून गुडघे गेलेले. सीटा भंगारातल्या, तळाला जिन्यावरच्या गालिच्याचे उरलेले तुकडे. थंडीत फायबर जोडायचं रेझिन वाळेना, म्हणून तासन् तास एनिडचा केस वाळवायचा पंखा धरून बसायचा. नव्या तारांचा तयार जुडगा परवडणारा नव्हता. मग रोज संध्याकाळी एकेक तार हुडकायची. हा बॉनेटखाली वाकलेला, ती आत बसून काय लागलं ते सांगणार.

भाऊ गेल्यापासून एनिड मुकीच झाली होती. चहा ठेवायची, कप विसळायची, खिडकीशी बसायची. आवाज निघायचा तो फक्त त्या गाडीत.

तिसऱ्या हिवाळ्यात विल्फ पार पिचला. पेपरात जाहिरात दिली. ब्रॅडफर्डहून एक गडी आला, गाडीभोवती फिरला, म्हणाला, "इंजिन तेवढं नेतो. हे फायबरचं टरफल द्या फेकून."

मी शेजारचा, तिथंच उभा होतो. उपड्या बादलीवर बसलेल्या विल्फला म्हटलं, "दे लेका, सुटशील. चालताना गुडघे बघ कसे वाजतात!"

"देतो," विल्फ म्हणाला. अगदी मेलेल्या आवाजात.

तेवढ्यात गाडीतून एनिड म्हणाली, "विल्फ, मागचा डावा दिवा अजून लागत नाहीये हं."

गडी हसला. "आता लागून काय करायचंय, बाई?"

"तुला विचारलं नाही मी!" एनिड फणकारली.

विल्फ गुडघ्यांवर हात रोवून उठला, पक्कड घेतली आणि कण्हत मागच्या चाकाशी बसला.

"अहो, आत्ता देतो म्हणालात ना?" गडी चिडला.

विल्फनं मान वर केली नाही. म्हणाला, "म्हणालो खरा. थकलोय रे बाबा, फार थकलोय. पण भाऊ गेल्यापासून ही माझ्याशी एवढंच बोलते, मागचा डावा लागत नाही म्हणून. तू चहा घेऊन जा."