हिरोच्या फोटोवर लबन

काल अल-खोबरच्या मॉलमध्ये मुलीने लबनची बाटली उघडली. त्या ताकाच्या आंबूस वासाने मी थेट तरुणपणीच्या अबकैकच्या लेबर कॅम्पमध्ये पोचलो.

तेव्हा इथे सौदीत थिएटरं नव्हती. माझा रूममेट मुरुगन तमिळ वेल्डर. त्याच्या लाडक्या फायटिंगवाल्या हिरोचा सिनेमा गावी लागला, की तो आणि त्याचा भाऊ पोस्टरला दुधाने अंघोळ घालायचे. एका शुक्रवारी तिकडे नवा सिनेमा लागला, तेव्हा त्याने खोलीच्या भिंतीवरच्या हिरोच्या फोटोवर दूध समजून अख्खी बाटली ओतली आणि ते निघालं लबन! आम्ही पोट धरून हसलो. "मेरा भाई उधर अकेला डालता होगा," म्हणत तो बनियनने हिरोचं तोंड पुसत राहिला.

काल तोच हिरो, आता पिकल्या दाढीचा, मॉलमधल्या थिएटरच्या पडद्यावर आला. मी शिट्टी मारली.

"बाबा, प्लीज!" मुलगी लाजली.

मग मी मुरुगनच्या वाट्याचीही मारली.