रिकाम्या जागेवरची भिंत

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. आजही मानत नाही. पण दोन वर्षं पोटात ठेवलंय ते आता लिहून टाकतो...

मी इंजिनिअर, वय बावन्न. दरड सुटली तर कुठवर येईल, कोणत्या भिंतीवर किती दाब पडेल, हे कॉम्प्युटरवर आधी चालवून बघायचं – हे माझं काम. त्या हिवाळ्यात मोताळा तालुक्यातला एक डोंगर तपासायला आला. धामणगाव बढेच्या पुढे, पायथ्याशी पंधरा-वीस घरं. शेवटचं घर माझ्या मामाचं.

कॉम्प्युटरवर उताराचे बारीक चौकोन पाडून दरड सोडली. ती ओढा ओलांडून मामाच्या परसात आली आणि मोकळ्या जागेत मधोमध फाटली. जणू तिथं एक तिरपी भिंत उभी होती! मॉडेलमध्ये तर त्या जागी काहीच नव्हतं.

मामाला फोन लावला. “मामा, घरामागं काही बांधलं का?”

“नाही बा. तिथं उकिरडाबी नाही. काऊन?”

“असंच.”

प्रोग्रामची चूक समजलो. रिपोर्टची तारीख डोक्यावर होती. मी चौकोन मोठे केले. दरड ओढ्यातच थांबली, ती फाटही दिसेनाशी झाली. ‘घरांना धोका नाही’ लिहून सही केली. मोठ्या चौकोनांत ओढा उगाच रुंद होतो आणि दरड त्यात मावते, हे मला माहीत होतं.

चैत्रात आजोळी गेलो. मामा वाटच बघत होता. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, शुभ कामाला पहिला हात भाच्याचा लावतात. मामा वाकला, हसला, माझ्या हातात कुदळ दिली.

“मार बे साहेब! दोन म्हशी घेतल्या, गोठा बांधून राह्यलो.”

परसात चुन्याच्या फक्कीनं आखणी केली होती. बैलगाडीला वाट सोडायची म्हणून तिरपी. तीच जागा... तोच कोन.

“मामा, इथं नको.”

“काऊन? तुह्या कंप्युटरनं तं सारं ठीक सांगतलं ना?”

खरं सांगितलं असतं तर माझी सही खोटी ठरली असती. सगळे बघत होते.

“हाव,” म्हणालो आणि कुदळ मारली.

श्रावणात, सकाळी धारा काढायच्या वेळी डोंगर सुटला. दरड गोठ्याच्या भिंतीवर फाटली आणि घराच्या दोन्ही अंगांनी गेली. घरात मामी होती, ती वाचली. मामा गोठ्यात होता.

मामाच्या तेरवीनंतर लॅपटॉप उघडून ते जुनं चित्र मामीला दाखवलं. सगळं सांगितलं. बारीक चौकोनांवर तीच फाइल मी पुन्हा पुन्हा चालवली होती – दरड परसात येते, पण फाटत नाही. एकदाही नाही. जुनं चित्र तेवढं राहिलंय, गोठा बांधायच्या आधीचं.

मामीनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“मशीनले कसं दिसलं ते राहू द्या,” ती म्हणाली. “तुमाले दिसलं होतं ना?”

लहानपणापासून मला अरे-तुरे करणारी मामी.

“हो,” म्हणालो.

ती उठून आत गेली. तेव्हापासून मला ‘तुम्ही’च म्हणते.

ते चित्र मी या कामातल्या जाणत्यांना दाखवलं. चूक कुणालाच सापडली नाही. गोठा उभा राहण्याआधी तो तिथं कसा उमटला, मला आजही सांगता येत नाही.