घड्याळातला आवाज

सिनेमाच्या सेटवर पाऊल ठेवल्या ठेवल्या भोंग्याने घड्याळ उघडून बघितलं.

घड्याळ दोन पुरुष उंच, प्लायवूडचं आणि आतून पोकळ. त्याने दार ओढलं, आत डोकं घातलं, मागची फळी ठोकून पाहिली. आत रंगाची एक बादली होती आणि एक चप्पल. ही चप्पल कुणाची, म्हणून त्याने तिघांना विचारलं. दिग्दर्शक वयाने लहान आणि स्वभावाने भला. त्याला वाटलं, रंगभूमीवरचा जुना माणूस, भूमिकेत शिरतोय. भूमिका-बिमिका काही नव्हती. भोंगा घड्याळात लपलेला माणूस शोधत होता.

असा माणूस घड्याळात असू शकतो हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? चोवीस वर्षांपूर्वी तो स्वतःच आत उभा होता.

आता ज्याचा सिनेमा होत होता, नाटक तेच. एका म्हाताऱ्या घड्याळजीची मुलगी घर सोडून निघते, तिचा जायचा दिवस उजाडूच नये म्हणून हा बाबा गावातली सगळी घड्याळं बंद पाडत सुटतो, आणि शेवटी स्वतःच्या हाताने चावी देऊन ती चालू करतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणीच गाणी. तेव्हा घड्याळजीचं काम करणारे मोठे साहेब दुसरे होते, आणि भोंगा मागच्या रांगेतल्या गावकऱ्यांत उभा राहून फक्त धृपद उचलायचा. पण एवढ्या मोठ्याने उचलायचा की गिरणीचा भोंगा वाजल्यासारखं वाटे. म्हणून हे नाव. ठेवणाऱ्यांनी चेष्टेने ठेवलं, याने कौतुक समजून घेतलं.

एका सीझनला मोठ्या साहेबांचा गळा बसला तो बसलाच. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. मग भोंग्याला घड्याळात कोंबण्यात आलं. बाहेर साहेब ओठ हलवायचे, आत भोंगा घामाने निथळत गायचा. विंगेत प्रॉम्प्टिंगला एक किडकिडीत मुलगी बसायची. तिने पेन्सिल वर केली की गाणं सुरू. घड्याळाच्या तबकडीतल्या भोकातून त्याला फक्त ती पेन्सिल आणि तिचा हात दिसे. असे अकरा प्रयोग झाले. टाळ्या पडल्या, साहेबांनी वाकून घेतल्या, एका पेपरात ‘गळ्याला पुन्हा तारुण्य’ असं छापूनही आलं. कुणाला म्हणून पत्ता लागला नाही.

बाराव्या प्रयोगाला साहेब आलेच नाहीत, आणि भोंगा घड्याळजी झाला. पुढल्या वर्षी पेन्सिलवालीशी लग्न केलं. मंडळी तिला वहिनी म्हणू लागली. सगळं चांगलंच झालं की हो! पण त्या अकरा प्रयोगांनी त्याच्या मनात जे घर केलं ते कायमचं. आवाज चोरता येतो, हजार माणसांच्या डोळ्यांदेखत चोरता येतो, हे त्याला कळून चुकलं होतं. तेव्हापासून तो स्वतःच्या गळ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत आला. पाण्याचा ग्लास हुंगल्याशिवाय तोंडाला लावला नाही. बदली नट तीनदा बदलायला लावले. त्यातला एक तर नुसता शिंकला होता. भोंग्याच्या मते तो सूर लावून शिंकला.

मधूनमधून सिनेमातही कामं मिळाली. कुठे पोस्टमन, कुठे दोन वाक्यांचा न्यायाधीश. गाणं त्याने सिनेमाला दिलं नाही. ध्वनिमुद्रिका काढू म्हणून माणसं घरी आली, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. गळा एकदा डबीत बंद झाला की डबी कुणाच्या खिशात जाईल याचा काय नेम? परिणामी, अकराशेच्या वर प्रयोग केलेल्या या माणसाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत स्वतःचा आवाज बाहेरून एकदाही ऐकला नव्हता. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

नाट्यगृह विकलं गेलं. हंगाम संपला की ते पाडणार, त्या जागी दुकानं होणार, हे ठरलं. अन् नेमकं तेव्हाच या नाटकावर सिनेमा काढायचं निघालं, तेही घड्याळजी म्हणून भोंग्यालाच घेऊन. तो नाही म्हणत होता. वहिनी सहसा तोंड उघडायच्या नाहीत, त्या दिवशी उघडलं.

“अहो, पुढच्या वर्षी ही विंगसुद्धा नसेल. तुमचं गाणं ऐकलेली माणसं आहेत तोवर आहेत. नंतर काय उरणार? सिनेमात राहील तेवढंच.”

हे त्याला पटलं. कधी नव्हे ते पटलं.

सिनेमात गाणं आधी रेकॉर्ड करतात आणि मग शूटिंगला ते कर्ण्यावर लावून नट ओठ हलवतो. ओठ हलवायचे हे ऐकूनच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या, दाराला जाड रबर. रेकॉर्डिस्ट म्हणाला, “साहेब, जरा हळू गा. शेवटच्या रांगेला ऐकवायचं नाहीये, हा माईक तुमच्या ओठापाशीच आहे.” भोंगा हळू गायला. “ऐकून जा ना,” रेकॉर्डिस्टने सुचवलं. पण तीनचा प्रयोग होता, तो पळत सुटला.

आणि महिन्याभराने सेटवर कर्णा लागला.

बारीक, थोडा नाकातला, कडेला चरे पडलेला असा कुणा भलत्याच माणसाचा आवाज कर्ण्यातून आला. भोंग्याचे ओठ हललेच नाहीत. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग जाऊन पुन्हा दार उघडलं. बादली, चप्पल.

“कोण गातंय हे?”

“तुम्हीच, साहेब,” दिग्दर्शक म्हणाला.

“तुम्हीच की!” रंगभूषाकार म्हणाला.

“अहो, तुमचाच आवाज आहे,” डबा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या.

तिघांनी तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. पाठ केल्याशिवाय माणसं अशी एकासारखं एक बोलतात होय? रेकॉर्डिस्टने नीट समजावायचा प्रयत्न केला. म्हणाला, “आपण बोलतो तेव्हा आपल्याला आपला आवाज कवटीतून ऐकू येतो, हाडांतून घुमतो. बाहेरच्यांना तसा ऐकू येत नाही. पहिल्यांदा सगळेच दचकतात.” एवढी सफाईदार थाप भोंग्याने जन्मात ऐकली नव्हती.

पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं. या वेळी त्याने बेत केला. आदल्या दिवशी घरी, नळ सोडून, वहिनींच्या कानाशी लागून सांगितलं, “दुसऱ्या कडव्यात मी एरवी दम धरून सलग जातो, तिथे उद्या मधेच चोरटा श्वास घेणार आहे. खूण. बदललं तर खूण नसणार. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या, आणि नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी वहिनींना त्याने दाराच्या आतल्या बाजूला पहाऱ्याला बसवलं. गायला. ठरल्या जागी चोरटा श्वास घेतला. “आता तरी ऐका,” रेकॉर्डिस्ट काकुळतीला आला. भोंगा म्हणाला, “इथे खरं वाजवाल आणि तिथे खोटं. मी सेटवरच ऐकेन, सगळ्यांसमोर.”

सगळ्यांसमोर कर्णा लागला. तोच नाकातला आवाज. पहिलं कडवं गेलं. दुसरं सुरू झालं, आणि ठरल्या जागी, अगदी बरोब्बर, चोरटा श्वास आला.

दुसरा कुणी असता तर तिथेच वरमला असता. भोंग्याच्या पायाखालची जमीन सरकली ती वेगळ्याच कारणाने. ही खूण जगात दोघांनाच माहीत होती. त्याने सांगितली नव्हती. त्याने वहिनींकडे पाहिलं. चोवीस वर्षांपूर्वी पेन्सिल वर करून हजार माणसांना फसवणारा हात याच बाईचा होता, हे इतकी वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही? गाणं अर्ध्यावर टाकून तो सेटवरून निघून गेला.

घरी त्याने अबोला धरला. नाटकाचे शेवटचे प्रयोग चालू होते, तिथेही त्याने विंगेकडे पाहणं सोडलं. एका दुपारी तिसऱ्या अंकात तो ओळ विसरला. वहिनींनी ओळ दिली. त्याने घेतली नाही. त्यांनी पुन्हा दिली, पहिल्या रांगेलाही ऐकू गेली असेल इतकी स्पष्ट. हा ढिम्म. मुलीच्या भूमिकेतली नटी घामाघूम झाली. पूर्ण एक मिनिट तो त्या घड्याळाकडे बघत उभा राहिला, आणि प्रेक्षकांना वाटलं, काय दुःख दाखवतोय! टाळ्या पडल्या. वहिनींनी हातातली संहिता मिटली आणि पहिल्यांदाच प्रयोग चालू असताना विंगेतून उठून गेल्या. बाहेर जिन्यावर बसून त्या रडल्या. कपडेपटातल्या बाईने पाहिलं, म्हणून कळलं.

इकडे भोंग्याने निर्मात्याला निर्वाणीचं सांगितलं. “तो नाकाड्या काढा. नाहीतर मी चाललो. असला आवाज माझ्या तोंडाला चिकटवून अकराशे प्रयोगांना काळं फासू देणार नाही.”

वहिनी दिग्दर्शकाला एकट्याने जाऊन भेटल्या. “तो आवाज ठेवा हो,” म्हणाल्या. “ते काहीही म्हणोत. त्यांचं दुसरं काही उरणार नाहीये.” दिग्दर्शकाने मान खाली घातली. सेटचे दिवस संपत आले होते. नट निघून गेला तर चित्रपटच अर्धवट राहणार होता.

एक तरुण गायक आणला गेला. त्याने गाणी गायली. सेटवर कर्णा लागला, आणि त्यातून भरदार, गोल, छातीतून घुमणारा आवाज आला. भोंग्याचा चेहरा उजळला.

“हा!” तो ओरडला. “हा माझा! कुठे लपवून ठेवला होतात इतके दिवस?”

दिग्दर्शकाने लगबगीने कॅमेरा सुरू करायला सांगितला. मग भोंगा असा काही ओठ हलवून गायला की बघत राहावं. त्या दिवशी त्याने घड्याळसुद्धा उघडून बघितलं नाही.

चित्रपट लागला तोवर नाट्यगृहाचं छप्पर उतरवलं होतं. दुपारच्या खेळाला तो आणि वहिनी शेजारी शेजारी बसले. बोलणं जेवढ्यास तेवढंच होतं. नावं सुरू झाली. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. खाली गायक म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं.

त्याने वहिनींचा दंड दाबला. “बघितलंस? सांगत नव्हतो?”

वहिनींनी दंड सोडवून घेतला.

मग पहिलं गाणं लागलं. भरदार, गोल आवाज. हा आपला, आपणच तर ओळखला होता. पण नाव तर त्या पोराचं होतं. भोंगा हिशोब जुळवत बसला. घड्याळजी चाव्या फिरवत होता, ओठ बिनचूक हलत होते, आणि मागे कुठेतरी बारावी रांग टाळ्या पिटत होती. मोठे साहेब वाकून टाळ्या घ्यायचे तेव्हा त्यांना आतून कसं वाटत असेल, हा विचार चोवीस वर्षांत त्याला पहिल्यांदा शिवला. मध्यंतराला तो उठला तो परत आत गेला नाही. दारावरचा माणूस म्हणाला, “साहेब, काय आवाज लावलाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता रेकॉर्डिंगच्या खोलीवर गेला. वहिनी मागोमाग गेल्या. रेकॉर्डिस्टने कपाटातून टेपची एक चकती काढली. “ही दुसऱ्या वेळची. वाद्यं मिसळण्याआधीची, कच्ची. पुसायची होती. वहिनींनी ठेवायला सांगितली म्हणून ठेवली.”

नाकातला आवाज सुरू झाला. भोंगा कान टवकारून बसला, अजूनही दगाफटका शोधत. पहिलं कडवं. दुसरं. चोरटा श्वास. त्याने जबडा आवळला. गाणं संपलं, तरी चकती फिरतच होती. त्या दिवशी यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि त्याच नाकातल्या आवाजात कुणीतरी विचारलं, “कसं झालं गं?”

आणि वहिनी म्हणाल्या, “नेहमीसारखंच.”

म्हणजे चकतीतल्या वहिनी. थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी हवा सोडणारा आवाज. या आवाजाने त्याला अकराशे प्रयोग ओळी दिल्या होत्या. हजार आवाजांत त्याने तो ओळखला असता.

खोलीतल्या वहिनी मात्र गोंधळून रेकॉर्डिस्टकडे वळल्या. “ही कोण? मी नाही हं ही. मी कुठे अशी बोलते? काहीतरी घोटाळा आहे तुमच्या यंत्रात!”

रेकॉर्डिस्टने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा चकतीकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

“तूच आहेस,” तो म्हणाला. “अगदी अशीच बोलतेस.”

मग तिला ‘कसं झालं गं?’ विचारणारा तो बारीक, नाकातला आवाज दुसऱ्या कुणाचा असणार? मान वर न करता तो रेकॉर्डिस्टला म्हणाला, “पहिल्यापासून लाव.”