सुप्याची सुपारी

सुप्यातल्याच तुषारच्या भावाच्या हळदीत गाण्याची सुपारी घेतली, तेव्हाच यशोधरा नवऱ्याला म्हणाली होती, "ही शेवटची. आता माझ्यानं व्हत न्हाई."

भाऊसाहेब पेटी पुसत होते. मागच्या उन्हाळ्यातही ती असंच म्हणाली होती.

परकर-पोलक्यात होती तेव्हापासून यशोधरा वडिलांच्या भीमगीत पार्टीत गायची. कर्जतच्या बाजूला जयंती असो, बारसं असो, नाहीतर कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, अमृत गायकाच्या पार्टीवाचून भागत नसे. लग्नानंतर भाऊसाहेबांची पेटी जोडीला आली आणि पार्टी आणखी वाढली. मग गावोगाव डीजे आले. कोरसच्या बायका घरी बसल्या, बँजोवाला रिक्षा चालवू लागला. पोटासाठी यशोधरा आणि भाऊसाहेब सुप्याला खोली करून राहिले. ती कंपनीत दिवसभर उभी राहून खोकी भरायची. पार्टीत आता ती दोघं आणि ढोलकीवाला मच्छिंद्र, एवढेच उरले होते.

हळद दुपारची होती. सकाळची पाळी उरकून ती मांडवात पोचली तर स्टेजशेजारीच डीजे लागलेला. नवरदेवाचा धाकटा भाऊ तुषार धावत आला. "मावशी, पोरांची दोन गाणी होऊ द्या. मग तुमचंच."

दोनाची किती झाली कुणास ठाऊक. सुजलेले पाय खुर्चीखाली घेऊन ती बसून राहिली. शेवटी माईक हातात आला. पोरं तिच्याकडं पाठ करून उभी होती. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी डीजेवाल्याला हात केला आणि गाणं चालू असतानाच डीजे दणाणला. मच्छिंद्रनं थोडा वेळ ढोलकी रेटली, मग त्याचाही हात थांबला. यशोधरानं माईक खाली ठेवला. राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

"चला," ती म्हणाली.

सामान आवरताना तुषार पुन्हा आला. त्याची मान खाली होती. "मावशी, जाऊ नका. दादाच्या दोस्तांनी आनलाय डीजे. तुमाला मी आजीसाठी बोलावलं हुतं. तिला बाहेर बसवत न्हाई."

मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांशेजारी खाटेवर बनाबाई पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऐकू जेमतेम एका कानानं.

"कुनाची गं तू?"

"कर्जतच्या अमृत गायकाची."

"त्याची व्हय? माझा बाप गेला तवा रातभर गायलाय तो आमच्या दारात." म्हातारीनं तिचं मनगट धरलं. "हितं बस. कानाशी म्हन."

भाऊसाहेबांनी पेटी जमिनीवर मांडली. यशोधरा खाटेच्या कडेला टेकली आणि म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन गाऊ लागली. बाहेरच्या दणक्यानं खिडकीची काच थरथरत होती. वरच्या सुराला तिचा गळा फाटला. बनाबाईंना त्याचं काही नव्हतं.

"थांब. ते परत म्हन."

तिनं परत म्हटलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या गाण्यात म्हातारीचा डोळा लागला. भाऊसाहेबांनी पेटीवरचा हात उचलून थांबायची खूण केली. यशोधरानं मानेनंच नको म्हटलं आणि राहिलेली कडवी हलक्या आवाजात पुरी केली. नंतर मनगटावरची बोटं एकेक करून सोडवली.

परतताना रिक्षात भाऊसाहेबांचा मोबाईल वाजला. राहात्याहून कुणीतरी जयंतीसाठी विचारत होतं. त्यांनी मोबाईलवर हात धरून तिच्याकडं पाहिलं.

यशोधरानं डोळे मिटून डोकं रिक्षाच्या दांडीला टेकवलं होतं. तशीच ती म्हणाली, "डीजे हाय का, ते आधी इचारा. असला तर न्हाई म्हना."

"आन नसला तर?"

तिनं डोळे उघडले आणि पदरानं तोंड पुसलं.

"नसला तर मच्छिंद्रला इचारा, त्याला जमतंय का."