घोटाभर पाण्यातली बोट

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मुरबाडजवळ काळू नदीतल्या एका बेटावर चार झोपड्यांचा पाडा होता आणि तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. पलीकडे न्यायला एकच होडी आणि एकच होडीवाला. कधीकाळी तो मुंबईला आगबोटीवर कोळसा टाकायचा, म्हणून आपल्या होडीला तो ‘कंपनी’ म्हणायचा. सुटताना शिंग फुंकायचा. पुढची कोरडी फळी म्हणजे पहिला वर्ग. मागे पाणी झिरपायचं, तो तिसरा. तिथल्या उतारूंनी करवंटीने पाणी उपसायचं, हा कंपनीचा कायदा.

चैत्रात नदी घोटाभर उरली. मी धोतर खोचून काठावरून शाळेकडे चालत निघालो, तर हा आडवा आला.

“मास्तर, कंपनीची बोट असताना तुमी चालत जानार? लोक काय म्हनतील?”

त्याचा चेहरा इतका पडला होता की मी मुकाट्याने तिसऱ्या वर्गात बसलो. पहिल्या वर्गात कुणा म्हातारीची शेळी होती. शिंग वाजलं. त्याने दोर खांद्यावर घेतला आणि होडी ओढू लागला. मध्यावर ती वाळूत रुतली.

“तिसऱ्या वर्गानं उतरून ढकलायचं!”

मी उतरलो. शेळी बसून राहिली.

“अरे, पाणीच नाही तर बोट सोडतोस कशाला?” मी धापा टाकत विचारलं.

“पानी येतं-जातं, मास्तर. कंपनीला असं जाऊन चालत नाय.”

त्या संध्याकाळी मी सहज पायी परतलो असतो. पण काठावर शिंगाची वाट बघत उभा राहिलो. जरा लवकरच आलो होतो. शेळीच्या आधी पहिला वर्ग गाठायचा होता.